बोट लागते

कोकणातल्या माणसाला ‘बोट लागणे’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. देशावरच्या मंडळींसाठी सांगते. गाडी लागते तशी बोट लागते. पोटात ढवळते, तोंडाला पाणी सुटते आणि मग जे व्हायचे ते होते. १९५८ सालच्या मे महिन्यात मी आठ वर्षांची होते. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून देवगडला निघालो होतो. बोट बाहेरच्या समुद्रात शिरली आणि मला जी लागली ती थेट देवगडला मचव्यात उतरेपर्यंत. आई कधी आवळासुपारी, कधी लिंबाची फोड, कधी आलेपाक तोंडात कोंबत होती. शेजारी वळकटीवर बसलेले एक आजोबा आईला म्हणाले, “पोरीला वाऱ्याच्या तोंडाला बसव गो, धुराच्या तोंडाला नको.” आईने मला उचलून पलीकडच्या बाजूला नेले. तिथे खरोखरच जरा बरे वाटले.

त्याच सुट्टीत परतीच्या दिवशीचा धूर मात्र वेगळा होता. बंदरावर सकाळपासून माणसे ट्रंका, आंब्याच्या पेट्या, फणस घेऊन बसलेली. बोट कधी येणार हे कुणालाच ठाऊक नसे. मग केव्हातरी एखादा पोर ओरडायचा, “धूर दिसला!” सगळे उठून उभे राहायचे. क्षितिजावर काळी रेघ, तिच्याखाली अजून बोटीचा पत्ता नाही. त्या रेघेकडे बघून म्हाताऱ्या बायका हात जोडायच्या. कुणाचा मुलगा त्या बोटीने येणार असायचा, कुणाची मनीऑर्डर. धूर म्हणजे शुभवार्ता होती. आम्हाला तो वाईट आहे असे कधी वाटलेच नाही.

हे सगळे आठवायला कारण झाले अमेरिकेतले लाँग बीच. धाकटी लेक तिथे असते, घरच्यांना ठाऊक आहेच. २०१६ साली तिच्याकडे नेहमीसारखा सहा महिन्यांचा मुक्काम होता. एकदा मी खिडकीची कड पुसत होते, फडके काळे झाले. मी म्हटले, काय गं, आठ दिवसांपूर्वी तर पुसली होती. ती म्हणाली, “आई, आता खूप कमी आहे. इथल्या जुन्या लोकांना विचार.” मी इतिहास शिकवण्यात ३४ वर्षे घालवली. ‘जुन्या लोकांना विचार’ म्हटले की माझ्याने राहवत नाही. ग्रंथालयात आणि आंतरजालावर बसून वाचत गेले. वाचता वाचता लक्षात आले, की ज्यांनी जन्मात बोटीवर पाऊल ठेवले नाही अशा लाखो माणसांना बोट लागते. तीही पोटाला नाही, छातीला.

ही गोष्ट कुठून सुरू करावी? मला विचाराल तर मुंबईहून. मुंबईच्याच गोदीत वाडियांच्या हाताखाली ‘ह्यू लिंडसे’ नावाची सागवानी आगबोट बांधली गेली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझला निघाली आणि २२ एप्रिलला पोचली. विलायतेची टपाल लवकर जावी म्हणून हा खटाटोप. बोटीत साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी सोय होती, एडन गाठायला लागणार होता अकरा दिवसांचा. मग काय केले? उतारूंच्या खोल्यांत, दिवाणखान्यात, जिथे जागा मिळेल तिथे कोळसा भरला. बोट इतकी जड झाली की तिची कड पाण्याला टेकायला आली. गंमत म्हणजे हा कोळसा विलायतेहून आफ्रिकेला वळसा घालून आणला होता शिडाच्या गलबतांनी! वाफेने वाऱ्याला हरवले असे आम्ही मुलांना शिकवायचो, पण वाफेला जेवू वाराच घालत होता.

पुढे कोळसा साठवायला हक्काची जागा हवी म्हणून इंग्रजांनी १८३९ साली एडनच घेतले आणि ते मुंबई इलाख्याला जोडले. पाठ्यपुस्तकात ‘सामरिक महत्त्व’ असा शब्द असतो. त्या शब्दाच्या पोटात बराचसा कोळसा होता. १८६९ मध्ये सुएझचा कालवा झाला, १८७३ मध्ये मुंबईचा पोर्ट ट्रस्ट, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक. बोटींच्या पोटात भट्टीपुढे उभे राहून कोळसा मारणाऱ्यांना ‘आगवाले’ म्हणत. डेकवर काम करणाऱ्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ. या माणसांच्या छातीत काय गेले याची नोंद कुणी ठेवलेली मला सापडली नाही. बोटीत किती टन कोळसा गेला याची मात्र बरोब्बर असते.

मुंबईत रे रोडच्या पूर्वेला, दारूखान्याकडे, कोळसा बंदर नावाची जागाच आहे. माझी शाळा तिथून फार लांब नव्हती. गोदी कामगार, हमाल, भंगार तोडणारे यांची मुले आमच्याकडे येत. सकाळी पहिल्या तासाला बाकावर बोट फिरवले की काळे व्हायचे. आम्ही शिपायाला बोलायचो, नीट पुसत नाही म्हणून. १९८३-८४ च्या सुमारास माझ्या वर्गात, सहावीला, एक मुलगा होता. हुशार होता, अक्षर मोत्यासारखे. पण थंडी पडली की आठवड्यातून दोनदा-तीनदा गैरहजर. आला की म्हणायचा, “बाई, दम लागतो.” मला ते नेहमीचे निमित्त वाटे. हजेरीपत्रकात लाल शाईने ‘गै’ लिहीत गेले आणि प्रगतिपुस्तकावर शेरा मारला, ‘उपस्थिती अत्यंत अनियमित. पालकांनी भेटावे.’ वडील भेटायला आले ते अर्ध्या दिवसाचा खाडा करून. गोदीत काम करायचे. हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, आम्ही काय मुद्दाम घरी ठेवतो का त्याला?” मी त्यांना शिस्तीवर चार शब्द सुनावले. मुलगा पुढच्या वर्षी शाळेतून गेला.

त्याचा दमा धक्क्यावरच्या धुरानेच झाला असे मी म्हणत नाही. त्या भागात गिरण्या होत्या, ट्रक होते, चुली होत्या, दाटी होती. पण कारण काय असेल हा प्रश्नच मला तेव्हा पडला नाही, आणि तेवढेच इथे लिहायचे आहे. असो.

धुराविरुद्ध कायदे नव्हते असे नाही. मुंबई सरकारने १९१२ साली धुराच्या उपद्रवाचा कायदा केला होता. गिरण्या-कारखान्यांच्या भट्ट्यांवर त्याची नजर. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये धुरके पडून चार-पाच दिवसांत हजारो माणसे दगावली, मग १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा आला. सगळीकडे तक्रार एकच, काळा धूर दिसतो. मग उपायही असा निघाला, की धूर दिसू नये.

याचे नामी उदाहरण म्हणजे डेन्मार्कची ‘सेलांडिया’. १९१२ साली ती कोपनहेगनहून बँकॉकला निघाली. डिझेल इंजिनावर महासागर पार करणाऱ्या जहाजांत ती पहिली. तिला धुराडेच नव्हते! इंजिनाचा धूर मागच्या डोलकाठीतून वर सोडला होता. बंदराबंदरांत लोकांनी तोंडात बोटे घातली असतील, की शीड नाही, धुराडे नाही, ही चालते कशी? दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, चर्चिल यांच्या आग्रहाने ब्रिटिश सरकारने इराणात तेल काढणाऱ्या कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग विकत घेतले, कारण आरमार कोळशावरून तेलावर न्यायचे होते. आगवाल्यांचे काम गेले, कोळशाच्या टोपल्या गेल्या. पण जहाजाच्या इंधनाला ‘बंकर’ म्हणायची सवय राहिली. बंकर म्हणजे मुळात बोटीवरची कोळशाची कोठी.

आता हे तेल कुठले? लोणी कढवले की वर तूप येते आणि तळाशी बेरी राहते. खनिज तेलाचेही तसेच. त्यातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल निघाले की तळाशी डांबरासारखी दाट, काळी बेरी उरते. आम्ही लहानपणी तुपाची बेरी साखर घालून भांडून खायचो. ही बेरी कुणी खाणारा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांची मोठमोठी डिझेल इंजिने ती खाऊ लागली. थंड असताना ती वाहत नाही, शंभर अंशांच्या वर तापवून इंजिनात सोडावी लागते. १९७३ नंतर तेल महागले, तेव्हा शुद्धीकरणवाल्यांनी तळाच्या गाळातूनही पेट्रोल-डिझेल पिळून काढायला सुरुवात केली. म्हणजे उरलेली बेरी आणखी घाण. मूळ तेलातले गंधक, धातू, सगळे तिच्यात गोळा. थोडक्यात, जमिनीवर जे जाळायला बंदी होत गेली ते समुद्रावर जाळले जाऊ लागले. स्वस्त पडत होते, आणि तिथे बघायला कोण होते?

आकडा सांगितल्याशिवाय हे डोक्यात शिरत नाही. आपल्याकडे २०२० पासून मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक असते दहा लाख भागांत फार तर १० भाग. जहाजाच्या तेलात २०१९ अखेरपर्यंत ३५,००० भाग चालत असत. म्हणजे ३,५०० पट!

या धुराचा जो भाग छातीत जातो तो डोळ्यांना दिसतच नाही. काजळीचे आणि गंधकापासून हवेत तयार होणारे कण अडीच मायक्रॉनहून बारीक असतात. आपल्या केसाची जाडी त्याच्या पंचवीस-तीस पट भरेल. नाकातले केस त्यांना अडवत नाहीत, घशातला कफ अडवत नाही. ते फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. म्हणून दम्याबरोबर हृदयविकाराचे नाव येते, कर्करोगाचेही. आणि बोट लांब समुद्रात असली म्हणजे सुटलो असेही नाही. जहाजांच्या धुरापैकी सत्तरेक टक्के धूर किनाऱ्यापासून ४०० किलोमीटरच्या आतच सुटतो, कारण बोटी बंदरे धरून चालतात. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशेब मांडला, की जहाजांच्या या सूक्ष्म कणांमुळे जगात वर्षाला सुमारे ६०,००० माणसे वेळेआधी मरतात. त्यांतली बहुतेक युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांवर. दक्षिण आशिया म्हणजे आपणच.

मग थांबवायचे कुणी? जहाजावर झेंडा पनामाचा, मालक ग्रीसचा, खलाशी फिलिपिन्सचे नाहीतर आपले, तेल सिंगापूरला भरलेले, माल चीनचा, जायचे अमेरिकेला. तक्रार घेऊन जायचे कुठल्या पोलीस ठाण्यात? संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली लंडनला एक आंतरराष्ट्रीय सागरी संघटना आहे. समुद्रात तेल सांडण्याबद्दल तिने १९७३ सालीच करार केला. हवेबद्दलचे कलम आले १९९७ मध्ये आणि लागू झाले १९ मे २००५ रोजी. त्यात मर्यादा घातली होती, तेलात गंधक साडेचार टक्क्यांहून जास्त नको. तेव्हा जगभरच्या जहाजी तेलातले सरासरी गंधक किती होते? सुमारे २.७ टक्के! म्हणजे वर्गातली मुले सरासरी २७ मिनिटे उशिरा येत असताना ‘पंचेचाळीस मिनिटांहून जास्त उशीर मुळीच खपवून घेणार नाही’ असा कडक फतवा काढण्यासारखे. असा मुख्याध्यापक मिळाला असता तर आमची सारी पोरे खूश झाली असती.

म्हणून मला लॉस एंजेलिसची हकिकत जास्त मोलाची वाटते. तिथे सुरुवात लंडनहून झाली नाही, खिडक्या पुसणाऱ्यांपासून झाली.

लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही दोन बंदरे एकमेकांना चिकटून आहेत. अमेरिकेत एवढी मोठी कंटेनरची उलाढाल दुसरीकडे होत नाही. चीनमध्ये तयार झालेले कपडे, खेळणी, टीव्ही तिथे उतरतात. काठाला सॅन पेड्रो नावाची जुनी वस्ती, कोळ्यांची आणि गोदी कामगारांची. मागे विल्मिंग्टन, तिथे बहुतेक मेक्सिकोकडून आलेली कष्टकरी माणसे. पलीकडे पश्चिम लाँग बीच. धक्क्याला लागलेले जहाज उभे असले तरी बंद नसते, हे मलाही ठाऊक नव्हते. दिवे, पंप, गारव्यात ठेवायचे कंटेनर यांना वीज लागते, ती बनवायला पोटातली इंजिने रात्रंदिवस चालू ठेवतात. दोन-तीन दिवस, कधी जास्त. एका जहाजाला एखाद्या छोट्या गावाएवढी वीज लागते.

१९९८ साली कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने डिझेलच्या काजळीला विषारी द्रव्य म्हणून जाहीर केले. २००० साली तिथल्या प्रादेशिक हवा विभागाचा मोठा अभ्यास आला. हवेतल्या विषारी द्रव्यांमुळे होणाऱ्या कर्करोगाच्या धोक्यातला सुमारे ७० टक्के भाग एकट्या डिझेलच्या काजळीचा, असे त्यात निघाले. अन् पुढच्याच वर्षी, २००१ च्या मार्चमध्ये, लॉस एंजेलिसच्या बंदराने ‘चायना शिपिंग’ या कंपनीला सॅन पेड्रोच्या घरांसमोर नवा धक्का देण्याचा करार केला. त्या प्रकल्पाचा स्वतंत्र पर्यावरण अहवालही न करता.

लोक कोर्टात गेले. सॅन पेड्रोतल्या घरमालकांच्या दोन संघटना आणि त्यांच्याबरोबर पर्यावरणाचे काम करणाऱ्या संस्था. खालच्या कोर्टात हरले. ऑक्टोबर २००२ मध्ये वरच्या कोर्टाने बांधकाम थांबवले. धक्का अर्धामुर्धा उभा, क्रेन आलेल्या, आणि काम बंद! मार्च २००३ मध्ये तडजोड झाली. बंदराने सुमारे ५ कोटी डॉलर हवा सुधारण्यासाठी आणि वस्तीसाठी द्यायचे, आणि त्या धक्क्याला लागणाऱ्या जहाजांपैकी ७० टक्के जहाजांनी इंजिने बंद करून किनाऱ्यावरची वीज घ्यायची. २००४ साली असा धक्का सुरू झाला. कंटेनरच्या जहाजांसाठी जगातला हा पहिलाच. स्वीडनमध्ये गोटेनबर्गला २००० साली हे सुरू झाले होते, पण गाड्या नेणाऱ्या फेरीबोटींसाठी.

त्यानंतर गाडी जरा रुळावर आली. २००६ मध्ये दोन्ही बंदरांनी मिळून स्वच्छ हवेचा आराखडा केला. २००८ मध्ये जुने ट्रक बंदरात येणे बंद झाले. २००९ पासून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याच्या २४ सागरी मैलांत शिरताना जहाजांनी चांगले तेल वापरायचे असा नियम आला. लगेच काही जहाजांनी वळसा घालून, बेटांच्या बाहेरून, आरमाराच्या सरावाच्या हद्दीतून यायला सुरुवात केली. तेल वाचवायचे म्हणून! माणूस इथून तिथून सारखाच. २०१५ मध्ये तर असेही उघड झाले, की त्या गाजलेल्या धक्क्यावर ठरल्यापैकी कित्येक अटी नीट पाळल्याच गेल्या नव्हत्या. पुन्हा कोर्ट. तरीसुद्धा दोन्ही बंदरांतली डिझेलची काजळी २००५ च्या मानाने ८० टक्क्यांहून अधिक घटली. लेक “आता खूप कमी आहे” म्हणाली ते हे.

पण मला खरे थांबवले ते मुलांच्या अभ्यासाने. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाने १९९३ च्या सुमारास बारा गावांतल्या शाळकरी मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यात लाँग बीच होते. दरवर्षी शाळेत जायचे, मुलाला एका नळीत जोरात फुंकायला सांगायचे आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजायचे. इतके साधे. आठ वर्षे तीच मुले, दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत. २००४ साली निष्कर्ष आले. सूक्ष्म कण सर्वांत कमी असलेल्या गावात अठराव्या वर्षी फुप्फुसे कमी ताकदीची राहिलेली मुले होती १.६ टक्के. सर्वांत जास्त असलेल्या गावात ७.९ टक्के. जवळजवळ पाच पट. ही मुले काही आजारी नव्हती, धावत होती, खेळत होती. फक्त त्यांची फुप्फुसे जेवढी वाढायची तेवढी वाढली नव्हती, आणि त्या वयानंतर फारशी वाढतही नाहीत.

त्याच अभ्यासात आणखी एक काम झाले होते. १९९६ च्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी चौथीतल्या मुलांची शाळेतली गैरहजेरी मिळवली. मूल आले नाही की पालकांना दूरध्वनी करून विचारायचे, का आला नाही? सर्दी, खोकला, दमा, की पोटदुखी, की सहल? ते उत्तर त्या त्या दिवसांच्या हवेच्या मोजमापाशी ताडून पाहायचे. २००१ मध्ये ते छापून आले. हवेतला ओझोन कोटीमागे वीस-तीस नव्हे, अब्जामागे फक्त २० भागांनी वाढला, तर श्वासाच्या आजाराने होणारी गैरहजेरी ८३ टक्क्यांनी वाढत होती. ओझोन थेट धुराड्यातून येत नाही. इंजिनातून निघणाऱ्या नायट्रोजनच्या वायूंपासून उन्हात तयार होतो, आणि त्या वायूंत ट्रक, मोटारी, जहाजे सगळ्यांचा वाटा असतो.

मी तो कागद दोनदा वाचला. माझ्या हातात ३४ वर्षे हजेरीपत्रक होते. मी त्यात ‘गै’ लिहिले. तिकडच्या लोकांनी तोच ‘गै’ घेतला आणि विचारले, का?

नंतरची बातमी चांगली आहे आणि ती सांगताना मला बरे वाटते. २०१५ साली त्याच विद्यापीठाने लाँग बीचसह पाच गावांतल्या तीन पिढ्यांच्या मुलांची तुलना केली. पंधराव्या वर्षी फुप्फुसे कमी ताकदीची असलेली मुले पहिल्या तुकडीत, १९९४ ते ९८ मध्ये, ७.९ टक्के होती. १९९७ ते २००१ मध्ये ६.३. आणि २००७ ते २०११ मध्ये ३.६. निम्म्याहून कमी. सगळे श्रेय बंदराला द्यायचे नाही. मोटारी सुधारल्या, कारखाने सुधारले. पण हवा सुधारली की मुलांची छाती वाढते, हे मोजून दाखवले गेले.

१ जानेवारी २०२० पासून जगातल्या सर्व समुद्रांवर जहाजी तेलातले गंधक साडेतीनवरून अर्ध्या टक्क्यावर आणले गेले. त्याआधी, २०१८ मध्ये, एका संशोधनात म्हटले होते, की जुन्याच तेलावर चालू ठेवले तर जहाजांच्या धुरामुळे वर्षाला सुमारे चार लाख अकाली मृत्यू आणि लहान मुलांच्या दम्याच्या एक कोटी चाळीस लाख केसेस होतील. नव्या तेलाने मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने आणि दमा निम्म्याहून थोडा जास्त कमी होईल. म्हणजे उरलेली साठ-पासष्ट लाख मुले तशीच. शिवाय नियमात एक पळवाट आहेच. जुने तेल जाळायचे, धुरावर समुद्राचे पाणी फवारून गंधक धुऊन काढायचे आणि ते पाणी बहुतेक वेळा परत समुद्रात सोडायचे! पूर्वी धूर डोलकाठीतून सोडला, आता पाण्यातून.

आणि आपला किनारा? बाल्टिक, उत्तर समुद्र, अमेरिका आणि कॅनडाचा किनारा, २०२५ च्या मेपासून भूमध्य समुद्र, एवढ्या ठिकाणी जहाजांना ०.१ टक्क्याचे कडक बंधन आहे. आपल्याकडे ते नाही. इथे अर्धा टक्का चालतो, म्हणजे गावातल्या पेट्रोलपंपावरच्या डिझेलच्या ५०० पट. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘हरित सागर’ नावाने बंदरांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत धक्क्यावर वीज देण्याचा विषय आहे. मुलांना नळीत फुंकायला लावून मोजण्याचा नाही.

लाँग बीचला त्या मुक्कामात शेवटच्या आठवड्यात लेक आम्हाला बंदर दाखवायला घेऊन गेली. पलीकडच्या धक्क्याला आमच्या पाचमजली इमारतीहून उंच जहाज लागलेले. मी सवयीने धुराड्याकडे पाहिले. धूर नव्हता. तशी ‘सेलांडिया’लाही नव्हता, हे आठवून मी लेकीला विचारले. तिने सांगितले, त्या केबल दिसतात ना, त्यांतून वीज जाते. नात तेव्हा दहा वर्षांची. ती म्हणाली, “आजी, मग बोट चालू आहे की बंद?” मला पटकन उत्तर सुचले नाही.

परत आल्यावर मी आमच्या शाळेत दूरध्वनी केला. शाळा आता दुसऱ्या इमारतीत गेली आहे, मुले थोडी उरली आहेत. कार्यालयातल्या लेखनिकाला मी माझी ओळख सांगितली आणि विचारले, १९८३-८४ ची सहावीची हजेरीपत्रके असतील का? मला त्या मुलाचे ‘गै’ मोजायचे होते. कुठल्या महिन्यात किती, सलग किती, सोमवारी जास्त की कसे. तो मुलगा भला होता. शोधून सांगतो म्हणाला आणि खरोखरच चार दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला.

“बाई, जागा बदलताना ती सगळी रद्दीत गेली. निकालपत्रके आहेत, ती बघू का?”

निकालपत्रकात त्याचे गणिताचे गुण होते. शंभरापैकी ८१.